खुराक, काटा आणि सत्तावन्न किलो

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मी निवडलेला नाही, माझ्या मामांनी निवडलाय.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. कागल तालुक्यातलं गाव. मामा एकेकाळचे पैलवान. कोल्हापुरात तालमीत दहा वर्षं काढली, सत्ताविसाव्या वर्षी खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. आता वय अठ्ठावन्न, मधुमेह, आणि गेल्या वर्षी उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. ओसरीवर खुर्चीत बसून ते अंगणाकडे बघत होते. अंगणात माझा मामेभाऊ, वय एकोणीस, भर दुपारी दोन स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या मारत होता. आठ दिवसांवर निवड चाचणी होती. त्याचं एरवीचं वजन बासष्ट आणि उतरायचं होतं सत्तावन्नच्या गटात.

मामा मला म्हणाले, "तू पुण्यात जिमला जातोस, शिकलेला हाईस. ह्याला जरा सांग. कालपास्नं पाणी धड पीत न्हाई पोरगं." मग थोडं थांबून म्हणाले, "फुगवायचं आमाला म्हाईत हुतं. हे सुकवायचं कुठनं आलं रं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः दोन वर्षं बल्किंग आणि कटिंग केलंय, म्हणजे मामांच्या भाषेत फुगवलंय आणि सुकवलंय. पण हे कुठून आलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या रात्री वाचायला बसलो आणि पुढे तीन महिने वाचतच राहिलो. आजचा भाग त्यातून झालाय.

फुगवायचं, म्हणजे खुराक

सुरुवात मामांना माहीत असलेल्या अर्ध्यापासून करू.

कोल्हापूरची कुस्ती म्हटलं की शाहू महाराज आलेच. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि त्यावरून कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. १९१२ साली ते सुरू झालं. मधे लाल मातीचा आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे मागे बसलेल्यालाही पट नीट दिसतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत खेड्यापाड्यांतून पोरं येऊन राहायची, अजूनही येतात.

तालमीतला दिवस पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, सपाट्या, मग मातीत लढती. संध्याकाळी पुन्हा तेच. हौद्यातली माती उकरणं हाच एक व्यायाम. त्या मेहनतीवर खुराक: दूध, तूप, बदाम, मटण, आणि कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई. मामा सांगतात, तालमीत पोरं एकमेकांचा खुराक मोजायची, वजन कोणी मोजायचं नाही.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. गावच्या जत्रेतल्या मैदानात जोड लावायची तर पंच किंवा जाणती माणसं दोघांना शेजारी उभं करून बघतात. अंगकाठी बघतात, आधी कुणाशी लढलाय ते विचारतात, आणि जोड ठरते. काटा लागत नाही. मोठं अंग म्हणजे मोठी जोड आणि मोठं इनाम. अशा व्यवस्थेत वजन कमी करायचं कारणच काय? वजन ही कमाई होती.

म्हणून आपल्याकडे बल्किंगला शब्द आहे, खुराक. कटिंगला शब्द नाही. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

काटा आला

उरलेलं अर्धं ऑलिंपिकबरोबर आलं.

पहिलं आधुनिक ऑलिंपिक १८९६ साली अथेन्सला झालं. तिथे कुस्तीत वजनगट नव्हतेच, सगळे एकाच स्पर्धेत. आणि जिंकलं कोण? कार्ल शुमान नावाचा जर्मन जिम्नॅस्ट, उंची पाच फूट चारच्या आसपास. पहिल्याच फेरीत त्याने लॉन्सेस्टन एलियटला पाडलं, आणि एलियट त्याच स्पर्धेत एका हाताने वजन उचलण्यात पहिला आलेला गडी होता! पण अशा गोष्टी रोज घडत नाहीत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीसाठी वजनगट आले. हेतू चांगला होता, लहान अंगाच्या माणसालाही न्याय मिळावा. पण गट म्हटला की रेष आली, आणि रेष आली की तिच्या जेमतेम खाली बसायची धडपड आली.

आपला माणूस या रेषेला भेटला तो १९४८ मध्ये. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेटमध्ये लढले, म्हणजे ५२ किलोच्या गटात. आयुष्य मातीत गेलेलं, गादीचा सराव जवळजवळ नाही, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी. तिथे जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या कथेत एक आकडा मात्र कुणी फारसं सांगत नाही. १९५२ मध्ये खाशाबा ५२ किलोत लढले नाहीत. ते बँटमवेटमध्ये लढले, ५७ किलोच्या गटात. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पाच किलो, चार वर्षांत. ते वर गेले म्हणूनच पदक मिळालं असं मी म्हणणार नाही, तेवढ्यावर तसा निष्कर्ष निघत नाही. पण माझा मामेभाऊ बासष्टवरून खाली ज्या आकड्यावर यायला धडपडत होता, खाशाबा त्याच आकड्यावर खालून वर गेले होते. आठ दिवसांत नाही, एका ऑलिंपिकपासून दुसऱ्या ऑलिंपिकपर्यंत.

आरशासाठी: ब्रूस रँडल

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण आपल्या जिममध्ये जे बल्किंग-कटिंग चालतं ते काही खासबागेतून आलेलं नाही. आपली स्पर्धा काट्याशी नसते, आरशाशी असते. या प्रकारातला सगळ्यात टोकाचा नमुना म्हणजे ब्रूस रँडल.

१९५० च्या दशकाच्या मध्यात हा माणूस अमेरिकी मरीन दलात होता. वजन २०३ पौंड, म्हणजे साधारण ९२ किलो. त्याला ताकद वाढवायची होती आणि त्याचा हिशोब सरळ होता: जितकं वजन, तितकी ताकद. रोज सात-आठ लिटरच्या वर दूध, डझनभर किंवा जास्त अंडी, वर बाकीचं जेवण. वजन पोचलं ४०१ पौंडांवर, म्हणजे १८२ किलो. ताकदही खरंच आली. खांद्यावर बार ठेवून कंबरेतून वाकायचं आणि परत उभं राहायचं, जिममध्ये ज्याला 'गुड मॉर्निंग' म्हणतात, त्यात त्याने ६८५ पौंड केले. ३१० किलो! मी चाळीस किलोला पाठ धरून बसतो.

मग त्याने ठरवलं की या वजनावर आयुष्य काढायचं नाही. खाणं तोडलं, व्यायामाचे तास वाढवले, आणि ३२ आठवड्यांत १८३ पौंडांवर आला. सुमारे ८३ किलो. १९५९ मध्ये लंडनला त्याने हौशी गटात मिस्टर युनिव्हर्स किताब जिंकला.

ही गोष्ट वाचली की कुणालाही वाटतं, बघा, होतं की! मलाही असंच काहीतरी वाटलं होतं. २०२१ मध्ये घरून काम सुरू होतं. ट्रेनर म्हणाला, "सर, आधी साइज करा, मग बघू." मी ६६ चा ८२ किलो झालो, नऊ महिन्यांत. स्क्वॉट ७० वरून ११० किलोवर गेला आणि मी हवेत. मग बहिणीचं लग्न ठरलं. बारा आठवडे दिवसाला जेमतेम तेराशे कॅलरी खाऊन ६८ वर आलो. फोटो छान आले. स्क्वॉट ८० वर आला. चिडचिड इतकी की टीममध्ये कोणी माझ्याकडे कोड तपासायला द्यायचं बंद झालं. लग्नानंतर चार महिन्यांत वजन ७८, आणि दंडाचा घेर होता तिथेच. दोन वर्षांचा हिशोब मांडला तर मी विजारींचे तीन मापांचे संच विकत घेतले होते, बाकी विशेष काही नाही.

रँडल आणि मी यांच्यात काय फरक होता? तो दोन्ही काळांत जवळजवळ पूर्णवेळ कसरत करत होता. मी दिवसाचे दहा तास खुर्चीत होतो. त्याचा आकडा मी उचलला, त्यामागची मेहनत नाही.

शरीर काय करतं

मधल्या काळात शरीरात काय होतं, याची सगळ्यात नीट नोंद एका वेगळ्याच कारणासाठी झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात उपासमार होती. त्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण घेतले. युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, आणि या प्रयोगाला स्वतःहून आलेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरुवात. आधी तीन महिने दिवसाला साधारण ३२०० कॅलरी. मग चोवीस आठवडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि आठवड्याला २२ मैल चालणं.

लक्षात घ्या, हे निम्मं म्हणजे सुमारे १५७० कॅलरी. माझ्या कटिंगपेक्षा जास्त!

त्या तरुणांनी आपलं साधारण पाव वजन घालवलं. ताकद गेली, थंडी वाजायला लागली, नाडी मंदावली, मन कशात लागेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आणि खाणं परत मिळाल्यावर जे झालं ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. चरबी आधी परत आली, स्नायू मागाहून. चरबी पूर्वीच्या पातळीच्या वर गेली तरी भूक शमेना, कारण शरीर स्नायूंची भरपाई होण्याची वाट बघत होतं. पुढे या नोंदींचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा हे स्पष्ट झालं.

म्हणजे लग्नानंतर चार महिने रात्री अकरा वाजता फ्रिज उघडणारा मी, काही कमजोर मनाचा नव्हतो. घाईने उतरवलेलं वजन परत मागितलं जात होतं, आणि मागणी स्नायूंची असली तरी भरणा चरबीत होत होता.

बल्किंगचंही तसंच आहे. स्नायू किती वेगाने वाढणार याला मर्यादा असते. त्याच्या पलीकडे जे खाल ते चरबीत जातं, मग ते बदाम असोत नाहीतर पिझ्झा.

वजन कधी करायचं?

आता मामेभावाच्या रेनकोटाकडे. हे रँडलसारखं कटिंग नाही. आठ दिवसांत पाच किलो चरबी जात नाही. जातं ते मुख्यतः पाणी. स्नायूंत साठवलेली साखर असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं तोडलं की ते आधी जातं. मग घामातून काढायचं. पण पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण कमी होतं, हृदयाला जास्त पळावं लागतं, घाम येणं अवघड होतं आणि आतलं तापमान चढतं.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, साधारण महिन्याभरात, अमेरिकेतल्या तीन कॉलेजांतले तीन कुस्तीगीर याच प्रकारे वजन उतरवताना गेले. तरुण पोरं, तब्येतीने ठणठणीत. रबरी कपडे, तापवलेली खोली, पाणी नाही. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. रबरी कपडे आणि सौना बंद, वजन लढतीच्या जवळ, आणि प्रत्येक गटाला ७ पौंडांची वाढीव सवलत.

या नियमामागचा विचार साधा आहे. वजन आदल्या दिवशी होणार असेल तर माणूस सुकून काट्यावर चढतो आणि रात्रभर पाणी पिऊन, खाऊन उठतो. जितका मधला वेळ जास्त, तितका सुकवण्याचा मोह जास्त. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं. २०१८ पासून एका गटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही दिवशी सकाळी काट्यावर चढावं लागतं.

याच दुसऱ्या सकाळी, ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली. आदल्या दिवशी ती तीन लढती जिंकून अंतिम फेरीत पोचली होती. रात्रभर व्यायाम केला, केससुद्धा कापले. शंभर ग्रॅम उरलेच. नियमाप्रमाणे ती शेवटच्या क्रमांकावर गेली. दोन दिवसांनी अमन सेहरावतने कांस्यपदक जिंकलं. उपांत्य फेरीनंतर त्याचं वजन साडेएकसष्ट होतं आणि रात्रीत साधारण साडेचार किलो उतरवून तो काट्यावर चढला. त्याचा गट कोणता? ५७ किलो. खाशाबांचाच.

मामेभावाने मला हेच ऐकवलं. "दादा, अमनने एका रात्रीत केलं, मी आठ दिवसांत करतोय." त्याचं चूक नव्हतं. पण अमनच्या शेजारी रात्रभर प्रशिक्षक जागे होते. आमच्या अंगणात रेनकोट होता आणि मामा होते.

मग काय झालं

मी त्याला मिनेसोटा सांगितलं, १९९७ सांगितलं. ऐकून घेतलं आणि पुन्हा दोरी हातात घेतली. शेवटी फरक पडला तो माझ्या बोलण्याने नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उड्या मारता मारता मटकन खाली बसला, डोळ्यांपुढे अंधारी. मामा एका पायावर भार देत अंगणात उतरले, स्वतः त्याचा स्वेटर काढला आणि वस्तादांना फोन लावला. वस्ताद फोनवर एवढंच म्हणाले, "एकसष्टात उतरव. खाऊ दे पोराला."

तो ६१ किलोत उतरला. पहिली कुस्ती जिंकला, दुसरी हरला, निवड झाली नाही. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो. आता ६१ हाच त्याचा गट आहे, आणि दोन वर्षांत त्या गटातला तगडा मल्ल व्हायचं असं ठरलंय.

मीही माझं बदललंय. एकदम डोंगर आणि एकदम दरी बंद. वाढवायचं असेल तेव्हा गरजेपेक्षा दोनशे-तीनशे कॅलरी जास्त. उतरवायचं असेल तेव्हा आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून वेगाने नाही. दोन्ही काळांत प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, आणि दोन्ही काळांत वजनं उचलणं तेवढंच जड. उतरवण्याच्या काळात लोक हलकी वजनं आणि भरपूर रेप करतात, तिथेच स्नायू जातो. स्नायू ठेवायचा तर त्याला कामाची गरज दिसली पाहिजे.

आणि मामा? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना सांगितलं: काट्यातून आलं. ते हसले. म्हणाले, "आमाला काटा न्हवता, म्हणून तर हे झालं. तालीम सुटली, पण खुराक सुटला न्हाई. दूध तेवढंच, तूप तेवढंच, जोर-बैठका शून्य. कुणी सांगितलंच न्हाई की आता उतरायचं असतंय."

हे ऐकून मी गप्प झालो. कारण मी पूर्ण वेळ सुकवण्याचे धोके वाचत होतो, आणि समोर बसलेल्या माणसाचं बोट गेलं होतं त्याला फुगवणं हातभार लावून गेलं होतं. खुराक वाईट नव्हता. तो चार-पाच तासांच्या मेहनतीच्या मापाचा होता. मेहनत गेल्यावर मापही बदलायला हवं होतं, आणि ते सांगणारं आमच्या परंपरेत कुणी नव्हतं. तुमच्या ओळखीत नुकताच तालीम किंवा खेळ सोडलेला कोणी असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा.

मामा आता रोज सकाळी काट्यावर चढतात. मामेभावाचाच काटा आहे. वहीत तारीख आणि आकडा लिहितात. गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं, दोन किलो उतरलेत. "सावकाश," मी म्हटलं.

"आठ दिसांत न्हाई करत बाबा," ते म्हणाले.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पाणी प्या.